सही करण्याआधी

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बीड जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ सदस्य ताईंनी केलेलं भाषण. घरची गोष्ट असल्यामुळे ताईंच्या इच्छेनुसार त्यांचं नाव छापलेलं नाही.)



मला विषय दिलाय, 'माझं बालपण'. आता माझ्या वयाच्या बाईला बालपण बोल म्हटलं की ती संध्याकाळपर्यंत थांबायची नाही. पण मी एका कारणाने उभी राहिलेय, ते आधी सांगते.

यंदा पंचमीच्या आठ दिवस आधी आमच्या गटातली एक पोरगी माझ्याकडे आली. पोरगी म्हणजे दोन लेकरांची आई आहे, पण मला पोरगीच. म्हणाली, "मावशी, भाऊ न्यायला येतोय. पंचमीला ये म्हणतोय, आणि येताना आधार कार्ड अन् फोटो घेऊन ये म्हणतोय. तालुक्याला एक सही करायचीय म्हणे. काय करू?"

मला त्या दिवशी तिला नीट सांगता आलं नाही. घशात काहीतरी आलं. एवढंच म्हणाले, "आठ दिवस थांब, लगेच सही करू नको." बाकीचं आज सांगते. तिलाही आणि तुम्हालाही. त्यासाठी मला माझ्या माहेरापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहानशा गावातला. साल १९६१. तारीख कुणाला माहीत नाही. शाळेत नाव घातलं तेव्हा गुरुजींनी १ जून लिहिली. तुमच्यातल्याही कितीतरी जणींचा वाढदिवस १ जूनच असेल, मला माहीत आहे. हसू नका, हात वर करा... बघा किती हात आले!

घरात आजी, आई, बाप, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दादा, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान धाकटी. पहाटे चारला आजी आणि आई जात्यावर बसायच्या. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. जात्याची घरघर आणि वरून ओव्या. आजीला शेकड्याने ओव्या यायच्या. काही विठ्ठलाच्या, काही आईच्या, पण सगळ्यात जास्त कुणाच्या? भावाच्या. भाऊ घोड्यावरून येतो, भाऊ चोळी आणतो, भाऊ पाठीशी उभा राहतो. अक्षर ओळख व्हायच्या आधी मी हे शिकले, की बाईला या जगात एक भक्कम जागा आहे, ती म्हणजे भावाची पाठ.

पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास. मी सहा वर्षांची असल्यापासून धरते. दुसऱ्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. लिंबाला झोका बांधलेला असायचा. लग्न झालेल्या पोरी माहेरी यायच्या, वारुळाला जायच्या, फेर धरायच्या. सासरी मार खाणारी, उपाशी राहणारी बाई पण त्या दोन दिवसांत दहा वर्षांनी लहान दिसायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, काही झालं तरी माहेर तुटू द्यायचं नाही.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आधीची दोन वर्षंही पावसाने ओढच दिली होती. त्या वर्षी तर जमीन भिजलीच नाही. बैलजोडी बापाने मिळेल त्या भावात दिली. मी दुसरीपर्यंत शिकले होते, मग धाकटीला सांभाळायला शाळा सुटली होती. आता धाकटीला कडेवर घेऊन मीही आईबरोबर दुष्काळी कामावर जायला लागले. पाझर तलावाचं काम होतं. बापये खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या. पुढं खडी फोडायचं काम निघालं. आईच्या हाताला इतके घट्टे पडले, की ती डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा केस अडकायचे.

दुपारी सुकडी मिळायची. ज्यांनी खाल्लीय त्यांना चव आठवत असेल. रेशनला लाल मिलो यायचा, त्याची भाकरी धड थापली जायची नाही. तरोटा, घोळ, तांदुळजा, जो पाला सापडेल तो शिजवायचा. दादा तेरा वर्षांचा होता. त्याच्या वाट्याची सुकडी तो रोज अर्धी धाकटीच्या तोंडात घालायचा. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही माझ्या भावाला वाईट म्हणाल. तो वाईट नव्हता. त्याने आपली भूक मारून बहिणीला जगवलंय, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आठवड्याला पगार व्हायचा. हजेरीपटावर आईचं नाव होतं, तिथं ती अंगठा लावायची. मी लहान म्हणून माझं नाव नव्हतं. पाट्या मात्र मी पण उचलल्या. पुढं कळलं की विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली, आणि १९७७ ला महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. आम्हाला तेव्हा कायदा माहीत नव्हता. आम्हाला चूल पेटते एवढंच माहीत होतं.

त्याच उन्हाळ्यात बापाने आमची विहीर खोल करायला काढली. आमची पाच एकर जमीन. विहीर आटलेली. दिवसा तलावावर काम आणि रात्री चांदण्यात विहीर. बाप आणि दादा खाली पहारीने फोडायचे, मी आणि आई वरून दोराने पाट्या ओढायचो. हाताची सालं निघायची. एका रात्री खालून दादा ओरडला, "पाणी!" हातभरच लागलं होतं. बापाने तांब्यात भरून वर पाठवलं. गढूळ होतं, पण आम्ही सगळ्यांनी घोट घोट घेतलं. माझ्या अख्ख्या बालपणातला सगळ्यात सुखाचा दिवस विचाराल तर तो.

बायांनो, ती विहीर लक्षात ठेवा.

१९७६ ला माझं लग्न झालं. मी पंधरा वर्षांची. तेव्हा मुलीला पंधरा वर्षं चालायची, अठराचा कायदा १९७८ ला आला. आमच्याकडे लग्नाची घाई का, हे बीडच्या बाईला सांगायला नको. कोयता लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. दसरा-दिवाळी झाली की गाडीत भांडी, लेकरं, शेरडं घालून कारखान्याला जायचं. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पहाटे तीनला उठून भाकरी करायची, रात्री कोपीत आल्यावर परत चूल. अशा अठरा पट्ट्या मी केल्या. दोन बाळंतपणं कोपीत झाली.

मुकादमाच्या वहीत नाव कुणाचं? नवऱ्याचं. हिशोब कुणाशी? नवऱ्याशी. दुष्काळात पाट्या उचलल्या तिथं माझं नाव नव्हतं, अठरा वर्षं ऊस तोडला तिथंही नव्हतं. आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटायचं पण नाही. नाव हे बापयांचं असतं, कष्ट बाईचे असतात, असंच डोक्यात होतं.

१९९८ ला गावात बचत गट झाला. महिन्याला वीस रुपये. पहिल्या बैठकीत ठरावाखाली सगळ्यांचे अंगठे. गट करून देणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी अंगठा चालणार नाही." मी घरी येऊन चुलीतली राख परातीत पसरायचे आणि बोटाने नाव गिरवायचे. दोन महिने लागले. ज्या दिवशी रजिस्टरवर सही केली त्या दिवशी मी रस्त्याने चालत नव्हते, उडत होते. पासबुकावर माझं नाव! सदतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कागदावर मी होते.

१९९९ ला बाप गेला. सातबाऱ्याला वारस म्हणून आई, दादा, मी आणि धाकटी अशी चौघांची नावं लागली. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी पंचमीला दादा स्वतः न्यायला आला. नवं लुगडं आणलं. वहिनीने दिंडं वाढली, तूप वाढलं. झोक्यावर बसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. आई, मी, धाकटी, दादा, तालुक्याला. दादा म्हणाला, "कागदाचं काम आहे, बापाच्या मागं सगळं नावावर करून घ्यावं लागतं."

तो कागद हक्कसोडपत्र होता.

धाकटी तेव्हा एकतीस वर्षांची. ती जीपमध्ये मला हळूच म्हणाली, "अक्का, मला आधी घरी विचारू दे. आपण नंतर करू." आणि बायांनो, मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुला माहेर पाहिजे का माती पाहिजे?"

तिने खाली मान घातली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आईने अंगठा लावला. ज्या अंगठ्याने १९७२ ला हजेरीपटावर पगार घेतला त्याच अंगठ्याने. धाकटीने सही केली. आणि मी? मी ताठ बसून, एकेक अक्षर नीट काढून सही केली. कारकून म्हणाला, "वा, सही येते तुम्हाला." मला अभिमान वाटला. राखेत गिरवून शिकलेली ती सही मी माझा हक्क सोडायला वापरली, आणि मला अभिमान वाटला.

कागदात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. कुणी वाचूनही दाखवलं नाही.

२००४ ला धाकटीचा नवरा आजारात गेला. सासरच्यांनी वर्षभरात बाहेर काढलं. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली. दादाने ठेवून घेतलं, नाही असं नाही. पण दोन खोल्यांचं घर, त्याची चार लेकरं, वर सोसायटीचं कर्ज. चार महिन्यांत रोजची धुसफूस. एक दिवस वहिनी म्हणाली, "किती दिवस?" वहिनीचं तरी काय चुकलं, तिलाही ताटं मोजावी लागत होती. धाकटी निघाली. गावाबाहेर पत्र्याचं छप्पर घातलं आणि दुसऱ्याच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून ऊस तोडायला गेली. ज्या विहिरीचं पाणी लागलं तेव्हा ती आईच्या पदराखाली झोपली होती, त्या विहिरीवरून हंडा भरायचा तर तिला विचारून भरावा लागायचा.

आई म्हातारपणी बीपीच्या गोळीसाठी सुनेच्या तोंडाकडे बघायची. ती पण त्या पाच एकरांची वारस होती. पण अंगठा लावून मोकळी झालेली.

मी धाकटीची माफी मागितली. उशिरा मागितली, दोन वर्षांपूर्वी. ती म्हणाली, "आता काय उपयोग अक्का. पण दुसरीला सांग." म्हणून उभी राहिलेय.

तर बायांनो, मी काय शिकले ते सांगते.

माहेरची माया खरी असते. दादाने दिलेली सुकडी खरी होती, पंचमीचा झोका खरा होता. पण माया ही माया आहे आणि सातबारा हा सातबारा आहे. दोन्ही एका ताटात वाढले की बाई नेहमी मायेला हात घालते, आणि दुसरं उचलून नेलं तरी तिला कळत नाही. मी माझ्या धाकटीला चुकीचं विचारलं होतं. माहेर का माती, असा प्रश्नच नाही. भावाला कुणी विचारतं का, तुला बहीण पाहिजे का जमीन पाहिजे? त्याला दोन्ही मिळतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात लेकीला वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. महाराष्ट्राने १९९४ ला तेव्हा लग्न न झालेल्या लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क लग्न झालेल्या लेकींनाही आहे. २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्माने येतो. २००५ ला बाप जिवंत नसला तरी तो जात नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार याने मोडत नाहीत. म्हणजे माझी वेळ गेली. तुमची गेलेली नाही.

आता कामाचं सांगते, लक्षात ठेवा.

सणाला गेलात तर सण करून या. सही सणाच्या दिवसांत करू नका. "विचार करून सांगते" एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

कागद घरी मागा. स्वतः वाचा, येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. 'हक्कसोड' हा शब्द दिसला की थांबा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र परत फिरवणं फार अवघड असतं.

तालुक्याला जायचं तर एकटीने जाऊ नका. आपल्या बाजूची एक बाई बरोबर न्या. आपण कर्ज काढायला पाच जणी जातो, आणि जमीन सोडायला एकट्या जातो, हे बरोबर नाही.

जमिनीचा फेरफार करताना तलाठ्याकडून नोटीस निघते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत देता येते. ती नोटीस दादल्याने किंवा दिराने घेऊन ठेवू नये, आपल्या हातात यावी.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट बाईला नाही.

आणि हे सगळं करून, सगळं समजून, तुम्हाला वाटलं की भाऊ अडचणीत आहे, द्यावं त्याला, तर खुशाल द्या. तुमचं आहे, तुम्ही देऊ शकता. पण आपण काय देतोय ते मोजून द्या. विहिरीचं पाणी, एक खोली, आईचं औषधपाणी, काय ठेवून घ्यायचं ते बोलून, कागदावर लिहून घ्या.

आता शेवटचं, आणि हे थोडं कडू आहे.

आत्ता सगळ्या माना हलवताय. पण इथं बसलेल्या बहुतेकींना नणंद आहे. आहे ना? मी ज्या शेतात राबते त्या शेतावर माझ्या नणंदेने १९८९ ला सही करून दिलीय. त्या दिवशी मी तिला गोड जेवण वाढलं होतं. माझ्या वहिनीने मला वाढलं तसंच. तेव्हा मला वाटलं, पाहुणी जेवतेय. आता वाटतं, ती आपल्या जमिनीची किंमत जेवत होती.

मागच्या आखितीला मी घरात बोलणं काढलं. आत्याचं काय करायचं, आणि माझ्या लेकीचं नाव उद्या वारसातून कुणी काढायचं नाही, हे दोन्ही बोलले. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. थोरला म्हणाला, "आई, तू गटात जाऊन बिघडलीस." सून काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "माझ्या बापाचा सातबारा कसा काढायचा हो?" अजून काही ठरलेलं नाही. पण बोलणं सुरू आहे.

माझी एक विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने दोन उतारे आणायचे, एक सासरचा आणि एक माहेरचा. सेतूत किंवा मोबाईलवर निघतात. कर्जवसुली झाली की अर्धा तास सगळ्यांनी मिळून वाचायचे. भांडायला नाही, वाचायला. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, एवढंच बघायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी यंदाही दादाचा उपवास धरला. पुढंही धरीन. त्याची आणि माझी माया आटलेली नाही. पण माझ्या नातीला मी झोक्यावर बसवलं तेव्हा तिला दोन्ही सांगितलं. भावाचा उपवास धर बाई, आणि सही करण्याआधी कागद वाच.

ती पोरगी, जी माझ्याकडे आली होती, तिने अजून सही केलेली नाही. भावाकडून मुदत मागून घेतलीय. पुढं काय करायचं ते ती ठरवील. तिसऱ्या रांगेत बसलीय, पण कोण ते मी सांगणार नाही.

माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर थोरली बहीण समजून माफ करा.